डाएट न करणाऱ्या गटाचं मूल्यमापन: काय मोजलं, काय हाती लागलं

वजनाची चिंता घेऊन येणाऱ्या बायकांसाठी एक गट चालवायचा, त्यात कुणाला डाएट द्यायचं नाही, वजन घटवायचं उद्दिष्टही ठेवायचं नाही, लक्ष फक्त आरोग्यावर. अशा कार्यक्रमाचं मूल्यमापन माझ्याकडे आलं आणि पहिल्याच बैठकीत वजनकाट्यावरून वाद झाला. पैसे देणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: बायका वजनासाठी येणार, तर शेवटी किती किलो उतरले तेवढं सांगा. गट चालवणार होत्या एक आहारतज्ज्ञ आणि एक मानसशास्त्रज्ञ. त्या दोघी म्हणाल्या, काटा खोलीत येताच कामा नये, तो दिसला की आमची निम्मी मेहनत वाया जाते.

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटत होत्या. वजन मोजलंच नाही, तर "डाएट सोडल्यावर सगळ्या जाड झाल्या असतील" ही शंका कायमची मागे राहील आणि तिला उत्तर देता येणार नाही. पण वजनालाच मुख्य निकाल केलं, तर जे करू असं कार्यक्रमाने म्हटलंच नाही त्यावर त्याला नापास करायचं, असं होईल. बऱ्याच चर्चेनंतर ठरलं की वजन मोजायचं, पण बाईने काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा तिने स्वतः विचारला तरच सांगायचा, आणि अहवालात तो इतर निकालांच्या रांगेत लिहायचा. मुख्य निकाल ठरला तो खाण्यावरचा ताबा सुटण्याचं प्रमाण. बाकी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हालचाल, आत्मसन्मान, शरीराबद्दलची नाराजी. हे सगळं पहिली बाई दाखल होण्याआधी कागदावर लिहून, एथिक्स कमिटीपुढे ठेवून, तारीख घालून बंद केलं. आकडे हातात आल्यावर सोयीचा निकष पुढे करायची वाट तेव्हाच बुजवून टाकायची असते.

ताबा सुटणं हाच मुख्य निकाल का, हे मला अनेकांना समजावून सांगावं लागलं. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला होता. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग सगळ्यांना चव घेण्याच्या निमित्ताने हवं तितकं आइस्क्रीम खाऊ दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर कमी खाल्लं, आणि ते साहजिकच होतं. ज्या सतत स्वतःला आवरत होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला की आता काय उरलं, ही ती अवस्था. आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकीला ती तोंडपाठ होती. त्याहून जुना दाखला 1944-45 मधल्या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाचा. 36 निरोगी तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, आणि बंधन उठल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. हे ऐकून गटातल्या एकीने विचारलं होतं, "म्हणजे त्या पुरुषांनाही असंच व्हायचं?" इतकी वर्षं हा आपल्या स्वभावाचा दोष आहे असं ती धरून चालली होती.

गट दर आठवड्याला भरायचा, काही महिने. मी बैठकांना बसत नसे, कारण मूल्यमापन करणारीने वही घेऊन कोपऱ्यात बसलं की बोलणं बदलतं. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालतोय का हे तपासायला मात्र सगळ्यांच्या परवानगीने थोड्या बैठकांना गेले. त्यातली एक डोक्यात राहिली. प्रत्येकीला एक लांब कागद दिला होता. त्यावर आडवी रेघ मारायची, ती आयुष्याची. रेघेवर केलेलं प्रत्येक डाएट मांडायचं: वय काय होतं, कुणी सुचवलं, किती दिवस टिकलं, नंतर काय झालं. खोलीत बराच वेळ फक्त पेनांचा आवाज होता. एका बाईचा कागद तिशीपर्यंतच भरला. तिने दुसरा मागून घेतला आणि पहिल्याला चिकटपट्टीने जोडला. मग सगळ्यांनी कागद भिंतीवर लावले आणि एकमेकींचे वाचत फिरल्या. चढ आणि उतार सगळ्यांकडे तसेच होते, वयं तेवढी वेगळी. पहिलं डाएट बहुतेकींच्या शाळेच्या वयातलं होतं आणि सुचवणारं माणूस घरातलंच.

त्यानंतर आहारतज्ज्ञ बाईंनी उतरलेलं वजन परत का चढतं ते सांगितलं. 2011 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात वजन उतरल्यावर वर्षभरानेही भुकेशी संबंधित हार्मोन पूर्वपदावर आलेले नव्हते, भूक वाढलेलीच होती. बाईंनी फळ्यावर लेप्टिन (भूक आवरणारं हार्मोन) आणि घ्रेलिन (भूक वाढवणारं) लिहून, कोणतं खाली राहतं आणि कोणतं वर, ते बाणांनी दाखवलं. अनेकींनी फळ्याचे फोटो काढून घेतले.

मोजमापांकडे वळते, कारण खरा कस तिथे लागतो. रक्तदाबाचं उदाहरण सांगितलंच पाहिजे. दंडाला बांधायचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असला, तर रीडिंग खरं असतं त्यापेक्षा जास्त येतं. ठोकळ हिशोब असा की पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे 80 टक्के भाग वेढायला हवी. जाड दंडाच्या बाईला नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला की तिचा रक्तदाब उगाचच चढलेला दिसतो. पहिल्या तपासणीत आमच्या सिस्टरांनी टेपने प्रत्येकीचा दंड मोजला आणि बऱ्याच जणींसाठी मोठा पट्टा काढला. एक बाई त्या पट्ट्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सिस्टर, हा मला आजवर कुणी बांधलाच नाही. दरवेळी तो छोटाच ओढूनताणून लावतात, मध्येच सुटतो, आणि मग मलाच म्हणतात हात सैल सोडा." तिला पाच मिनिटं पाठ टेकवून, पावलं जमिनीवर ठेवून, न बोलता बसवलं. रीडिंग तिच्या फायलीतल्या जुन्या आकड्यांपेक्षा बरंच खाली आलं. सिस्टरांनी थोड्या अंतराने पुन्हा घेतलं, तेही तसंच. औषधात स्वतःहून काही बदल करू नका, हे रीडिंग घेऊन आधी डॉक्टरांना भेटा, असं तिला तिथेच सांगितलं.

मूल्यमापनाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. समजा सुरुवातीला लहान पट्टा वापरला आणि शेवटी कुणा जागरूक सिस्टरांनी मोठा बांधला, तर गटाचा रक्तदाब कागदावर झकास उतरला असता आणि श्रेय कार्यक्रमाला गेलं असतं. म्हणून प्रत्येकीच्या फॉर्मवर पट्ट्याचं माप, कोणता हात, दिवसाची कोणती वेळ, हे लिहून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला तेच पाळलं. जाड शरीराच्या बायकांवरचे निष्कर्ष वाचताना पट्ट्याचं माप दिलंय का, हे मी आता आधी शोधते. त्यांच्या वाट्याला चुकीची साधनं येतात आणि चुकीच्या आकड्यांचा दोषही त्यांनाच दिला जातो, याची मला मनापासून चीड आहे.

प्रश्नावल्यांची गोष्ट निराळी. मुख्य होती ती स्टंकार्ड आणि मेसिक यांची 1985 ची, 51 प्रश्नांची. ती तीन गोष्टी मोजते: खाण्यावर जाणूनबुजून घातलेला लगाम, ताबा सुटणं आणि भूक. गंमत अशी की लगामाचा गुण वाढला तर डाएटचा कार्यक्रम त्याला यश म्हणतो, आणि आमच्या कार्यक्रमात तोच गुण उतरणं अपेक्षित होतं. त्यामुळे कोणता गुण कोणत्या दिशेने जावा हेही आधीच लिहिणं भाग होतं. आत्मसन्मानासाठी रोझेनबर्गची दहा विधानांची जुनी मोजपट्टी घेतली. दाखल करण्याआधी खाण्याच्या विकारांसाठी स्कॉफ ही पाच प्रश्नांची चाळणी लावली, आणि ज्यांच्या उत्तरांवरून शंका आली त्यांना गटात न घेता थेट उपचारांसाठी पाठवलं. या टप्प्यावर मी अजिबात तडजोड करू दिली नाही. ज्या बाईला उपचारांची गरज आहे, तिला गटात बसवून "शरीराचं ऐका" म्हणणं धोक्याचं आहे.

प्रश्नावल्या भरून घ्यायला गट चालवणाऱ्या दोघींपैकी कुणी खोलीत थांबायचं नाही, हाही नियम केला. बायकांना त्या दोघी आवडायला लागल्या होत्या, आणि आवडत्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपण सगळेच उत्तर थोडं गोड करतो. कागद बंद पाकिटात, पाकिटावर नावाऐवजी क्रमांक. तरीही सांगितलेल्या उत्तरांना मर्यादा असतात, म्हणून रक्ततपासणी आणि कमरेला लावायचं हालचाल मोजणारं यंत्र सोबतीला घेतलं. यंत्र काढून ठेवलेले दिवस ओळखता येतात, ते हिशोबातून वगळले.

आता तुलनेचा गट. इच्छुक बायकांतून संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून निम्म्या जणींना लगेच प्रवेश दिला, निम्म्यांना वेटिंग लिस्टवर ठेवलं. वेटिंगवाल्यांचीही तीच मोजमापं, त्याच दिवसांत. हे का लागतं ते सांगते. माणूस मदत मागायला येतं ते बहुतेकदा सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर काहीच केलं नाही तरी आकडे थोडे सुधारतात. वेटिंगवाल्यांचे किती सुधारले हे कळल्याशिवाय गटाचं श्रेय मोजता येत नाही. हे फोनवर समजावताना एका बाईने स्पष्ट विचारलं, "म्हणजे माझा उपयोग फक्त तुलनेला?" तिला मी खरं ते सांगितलं: हो, आत्ता तुमच्यामुळेच कळणार आहे की हे चालतं की नाही, आणि पुढच्या तुकडीत तुमची जागा लेखी नक्की आहे. ती राहिली.

एक कमतरता मात्र सुरुवातीपासून खुपत होती. गटात सुधारणा दिसली, तर ती कार्यक्रमातल्या शिकवणीमुळे की समदुःखी बायका दर आठवड्याला एकत्र बसल्यामुळे? हे वेगळं करायला तिसरा गट लागतो, ज्यात बायका नुसत्या भेटतात आणि बोलतात, शिकवणी काही नाही. कॅनडात क्यूबेकच्या लावाल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच एका कार्यक्रमाच्या मूल्यमापनात हे केलं होतं: 144 महिला, एक गट कार्यक्रमाचा, एक केवळ आधाराचा, एक तुलनेचा. वर्षभरानंतर पाहिलं तर कार्यक्रमाचा आणि आधाराचा गट एकमेकांच्या बरेच जवळ होते. आमच्याकडे तिसऱ्या गटापुरता पैसाही नव्हता आणि माणसंही नव्हती. म्हणून अहवालात ठळकपणे लिहिलं की दिसलेल्या फरकात सोबतीचा वाटा किती, हे या मूल्यमापनातून ठरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो सोडून गेलेल्यांवर. मूल्यमापनात शेवटपर्यंत टिकलेल्यांचेच आकडे घेतले की कुठलाही कार्यक्रम चांगला दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथला 2005 चा गाजलेला अभ्यास याच कारणाने मी पुन्हा पुन्हा वाचला. तिथे वर्षानुवर्षं डाएट करत आलेल्या 78 महिलांना दोन गटांत विभागलं होतं. सहा महिन्यांत डाएटच्या गटातल्या 41 टक्के जणी सोडून गेल्या, आरोग्यावर भर देणाऱ्या गटातल्या फक्त 8 टक्के. डाएटवाल्यांचं वजन आधी उतरलं आणि दोन वर्षांत परत आलं. दुसऱ्या गटाचं वजन तिथेच राहिलं, पण बाकीच्या सुधारणा टिकल्या. हे उत्साहाने सांगणारे एक गोष्ट वगळतात: दोन वर्षांनंतरच्या तपासणीला दोन्ही गटांतल्या निम्म्याच जणी आल्या होत्या. न आलेल्या निम्म्यांचं काय झालं, हे त्या आकड्यांत नाही.

म्हणून गळालेल्या प्रत्येकीला मी स्वतः फोन केला, पत्रं पाठवली. रागावून विचारायला फोन केलेला नाही हे पटायलाच पहिली काही मिनिटं जायची. वेळ जमत नाही, घरी आजारपण आहे, ही कारणं अपेक्षित होती. एकीचं उत्तर मात्र वेगळं होतं. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती आणि सर्जनने आधी वजन कमी करायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताई, तिथं सगळं बरं बोलायचे, मला रडूही येऊन गेलं एकदा. पण मला ऑपरेशनची तारीख हवीय. ती तुमच्या गटातून मिळणार नव्हती." तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. कार्यक्रम कुणासाठी नाही, हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते तिच्यामुळे समोर आलं. आणखी एकीला न्हाणीघराच्या आरशात स्वतःकडे शांतपणे बघण्याचा गृहपाठ असह्य झाला होता. ती पुढच्या बैठकीला गेलीच नाही, आणि गटातून कुणी विचारलंही नाही. हे मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. चालवणाऱ्या दोघींना ते लागलं, पण त्यांनी ते खोडायला सांगितलं नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

निकालाच्या हिशोबात सोडून गेलेल्यांनाही धरलं, ज्या गटात त्यांची निवड झाली होती त्याच गटात. ताबा सुटण्याचं प्रमाण आणि भुकेचा गुण, दोन्ही वेटिंगवाल्यांच्या तुलनेत स्पष्टपणे खाली आले, आणि वर्षभरानंतरच्या फॉलोअपलाही बऱ्यापैकी तिथेच राहिले. रक्तदाब थोडा उतरला, पण तुलनेच्या गटाचाही उतरला होता, त्यामुळे त्यावर दावा करण्यासारखं काही नव्हतं. कोलेस्टेरॉल जवळपास जैसे थे. आत्मसन्मान कार्यक्रम संपताना चांगलाच वर गेला आणि वर्षभराने त्यातला काही भाग ओसरला. वजन सरासरीने हललं नाही. सरासरीच्या आत मात्र काहींचं उतरलं होतं आणि काहींचं वाढलं होतं. वाढलेल्यांचा उल्लेख गाळावा अशी सूचना एका बाजूने आली, आणि तोच मथळा करावा असं दुसऱ्या बाजूला वाटलं. मी दोन्ही न करता सगळा पसारा आलेखावर प्रत्येकीचा एकेक ठिपका देऊन मांडला.

मुलाखतींतून जे आलं ते आलेखात मावणारं नव्हतं. शरीराबद्दलची नाराजी गेली, असं फार थोड्या जणी म्हणाल्या. बहुतेकींना अजूनही बारीक व्हायचंच होतं. पण एक बाई म्हणाली, "आवडत नाही तर नाही, पण आता मी त्याच्यासाठी थांबत नाही." तिने कित्येक वर्षांनी पोहायला सुरुवात केली होती, आहे त्या मापाचा पोशाख घेऊन. दुसरी म्हणाली की रात्री सगळे झोपल्यावर उभ्या-उभ्या खायची सवय सुटली, कारण आता ती दिवसा बसून पोटभर जेवते. डॉक्टरांकडे जायचं टाळणाऱ्या काही जणी पुन्हा तपासणीला जाऊ लागल्या. हा शेवटचा बदल माझ्या लेखी फार मोठा आहे, आणि तो मोजायची सोय आम्ही आधी केलेलीच नव्हती.

अहवाल मांडला त्या बैठकीत पहिला प्रश्न किलोचाच आला. मी वजनाचा आलेख आधी दाखवला, मग ताबा सुटण्याचा, आणि विचारलं की डाएटच्या एखाद्या कार्यक्रमाचा वर्षानंतरचा असा आलेख, सोडून गेलेल्यांना धरून, कुणी तुमच्यापुढे ठेवलाय का. तसा कुणी ठेवलेला नव्हता. कार्यक्रमाला आणखी दोन तुकड्यांचा निधी मिळाला, पण अटींसह. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर आता लिहिलंय की इथे वजन कमी होईल असं आश्वासन नाही, आणि ज्यांना शस्त्रक्रियेसाठी किंवा अन्य वैद्यकीय कारणासाठी वजन उतरवायला सांगितलंय त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आरशाचा गृहपाठ ऐच्छिक झाला. लागोपाठ दोन बैठका चुकल्या की फोन जातो. गट संपल्यावर महिन्याला एक भेट ठेवलीय, आत्मसन्मानाची घसरण त्याने थांबते का हे पाहायला. तिसरा, नुसत्या सोबतीचा गट या वेळी आहे. आणि प्रश्नावलीत एक नवा प्रश्न आलाय: गेल्या वर्षभरात गरज असूनही वजनावरून बोलणी खावी लागतील म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळलंत का? वेटिंग लिस्टवरच्या त्या बाईची तुकडी सुरू झाली आहे, आणि मोठे पट्टे सिस्टरांनी आता तपासणीच्या टेबलावरच ठेवले आहेत.